पुटपुटणाऱ्या बँडची गोष्ट

कविसंमेलनात माइक खरखरायला लागला की कवीचा जीव कासावीस होतो. ओळ वाया जाते, दाद हुकते. मी गेली तीस वर्षं हा जाच सोसतो आहे. त्यामुळे आपले शब्द कुणाला नीट ऐकू येऊ नयेत अशा बेतानं गाणारा एक माणूस आहे, हे कळलं तेव्हा मला आधी हसूच आलं. आज त्याच्याविषयी आणि त्याच्या साथीदारांविषयी बोलायचं आहे. गायकाचं नाव मायकेल स्टाइप, बँडचं नाव आर.ई.एम.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती गैरसमजातून. साल १९९२, डिसेंबर महिना. मी बी.ए.ला होतो. गावात केबल नुकतीच आली होती आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीवर एमटीव्ही लागायचं. अयोध्येतली मशीद पाडली गेली होती, मुंबई पेटली होती, आमच्या मोहल्ल्यात दिवेलागणीलाच दारं बंद होत होती. अशा एका संध्याकाळी पडद्याच्या कोपऱ्यात गाण्याचं नाव उमटलं : 'लूझिंग माय रिलिजन'. माझ्या इंग्रजीनं त्याचा सरळ अर्थ लावला आणि मी जागच्या जागी थिजलो. हे गाणं या माणसानं आपल्यासाठीच लिहिलंय, असं मी धरून चाललो. पुढे कित्येक वर्षांनी समजलं, की अमेरिकेच्या दक्षिण भागातला तो बोलीतला वाक्प्रचार आहे. संयम सुटणं, मेटाकुटीला येणं, एवढाच त्याचा अर्थ. गाणं एकतर्फी ओढीचं आहे. धर्माचा त्यात काही संबंध नाही.

हा बँड त्याच दक्षिणेतला. जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथल्या रेकॉर्डच्या दुकानात पीटर बक नोकरीला होता. चांगल्या रेकॉर्ड तो स्वतःसाठी बाजूला काढून ठेवायचा आणि नेमक्या त्याच रेकॉर्ड मागायला कलाशाखेचा एक विद्यार्थी यायचा. तो स्टाइप. माइक मिल्स आणि बिल बेरी हे दोघे मेकन गावचे शाळासोबती. चौघांनी ५ एप्रिल १९८० रोजी, एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला, वापरात नसलेल्या जुन्या चर्चमध्ये पहिल्यांदा वाजवलं. तेव्हा बँडला नावही नव्हतं. ते नंतर शब्दकोश चाळून काढलं.

त्या काळी अमेरिकेतली मोठी रेडिओ केंद्रं ठरावीक गाणी वाजवत. पण विद्यापीठांची स्वतःची छोटी केंद्रं होती, ती विद्यार्थी चालवत आणि मनाला येईल ते लावत. आर.ई.एम. वाढला तो या केंद्रांवर, आणि गावोगावच्या छोट्या क्लबांत व्हॅननं जाऊन वाजवत. या संगीताला आधी 'कॉलेज रॉक' म्हणत, 'अल्टरनेटिव्ह' हा शब्द मागाहून रुळला. त्यांची १९८१ची पहिली रेकॉर्डसुद्धा रेडिओच्याच नावाची, 'रेडिओ फ्री युरोप'. पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट देशांसाठी अमेरिका जे केंद्र चालवायची, त्याचं हे नाव. गाण्याचे शब्द नक्की काय आहेत, यावर चाहते वर्षानुवर्षं वाद घालत राहिले.

१९८३ साली पहिला मोठा अल्बम आला, 'मर्मर'. म्हणजे पुटपुट. अल्बमचं नाव इतकं प्रामाणिक क्वचितच असतं. निर्माते मिच ईस्टर आणि डॉन डिक्सन. रॉकमधली सगळी घासलेली कौतुकं या पोरांनी बाहेर ठेवली : गिटारची एकट्याची कसरत नाही, सिंथेसायझरचा मारा नाही. बक सगळ्या तारा एकदम छेडण्याऐवजी एकेक तार सुटी वाजवतो, त्यामुळे गिटार किणकिणत राहते. मिल्सचा बेस नुसता ठेका धरत नाही, चाल गातो. बेरीचे ड्रम कोरडे, नेमके. आणि स्टाइपचा आवाज या सगळ्यांच्या पुढे नसून त्यांच्यातच मिसळलेला. एखादा शब्द वर येतो, पुन्हा बुडतो. 'थ्रिलर'नं जग व्यापलं होतं त्या वर्षी 'रोलिंग स्टोन'च्या समीक्षकांनी सर्वोत्तम अल्बम म्हणून 'मर्मर' निवडला.

मला हे समजून घ्यायला फार कष्ट पडले नाहीत. लहानपणी मक्तबात आम्ही अरबी सूरा तोंडपाठ केल्या, तेव्हा एका शब्दाचाही अर्थ माहीत नव्हता. अर्थ फार उशिरा आला. पण भीती वाटली की ओठांवर यायचे ते तेच शब्द. तेव्हा न कळणारा शब्द म्हणजे रिकामा शब्द, असं मी तरी कधी म्हणणार नाही.

या बाबतीत एक किस्सा सांगायलाच हवा. १९८४च्या 'रेकनिंग'च्या ध्वनिमुद्रणात स्टाइपचा आवाज लागेना. तिथे पडलेली भक्तिगीतांची एक जुनी रेकॉर्ड त्याच्या हाती आली. तिच्या वेष्टनामागचा छापील मजकूर, म्हणजे गायकांची स्तुती वगैरे, तो त्याने चालीवर जसाच्या तसा गाऊन टाकला. गंमत अशी, की ऐकताना अंगावर काटा येतो. ती मुद्रिका पुढे प्रसिद्धही झाली.

१९८६ साली 'लाइफ्स रिच पेजंट'ला डॉन गेहमन हा निर्माता मिळाला. त्यानं हट्ट धरला, की शब्द स्वच्छ म्हण. स्टाइपनं ऐकलं आणि श्रोते वाढले. पुढच्याच वर्षी 'द वन आय लव्ह' अमेरिकेत पहिल्या दहांत गेलं. आता शब्द न् शब्द ऐकू येत होता, तरी लोक ते गोड प्रेमगीत समजून प्रिय व्यक्तीला अर्पण करू लागले. प्रत्यक्षात माणसं वापरून टाकून देणाऱ्याचं ते गाणं आहे, क्रूर गाणं. शब्द पोचले म्हणून अर्थ पोचतोच असं नाही, ही कवीसाठी जुनीच बातमी.

१९९१चं 'लूझिंग माय रिलिजन' जन्मलं ते बक टीव्हीसमोर बसून मेंडोलिन शिकत असताना. त्याला धड ध्रुवपदही नाही, आणि ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. मी पाहिलेली चित्रफीत जालंधरच्या तरसेम सिंगनं केली होती. पंख असलेला म्हातारा, काराव्हाज्जिओच्या चित्रांतला उजेड, देवदेवतांसारखी सजलेली माणसं. त्या डिसेंबरात मला धर्म दिसला, त्यात थोडा वाटा या पंजाबी दिग्दर्शकाचाही असावा.

१९९२च्या 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल'मध्ये 'एव्हरीबडी हर्ट्स' आहे. ते मुख्यतः ड्रमवाल्या बेरीनं रचलं आणि त्यात ड्रमऐवजी यंत्राचा ठेका आहे. स्टाइपनं त्यात एकही शब्द झाकला नाही, कारण ते शाळकरी वयाच्या, जीव नकोसा झालेल्या मुलांसाठी होतं. तिथे पुटपुटून चालणार नव्हतं. एवढा साधेपणा मला अजून जमलेला नाही.

१ मार्च १९९५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला मंचावरच बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. तो वाचला. पण ऑक्टोबर १९९७मध्ये त्यानं बँड सोडला आणि शेती धरली. आपल्यामुळे बँड मोडणार असेल तर मी जात नाही, असंही त्यानं सांगितलं होतं. आधीच्या वर्षीच ८ कोटी डॉलरच्या कराराचा आकडा वृत्तपत्रांत छापून आला होता. सगळी गाणी चौघांच्या नावे, पैशाची वाटणी समान, नकाराचा अधिकार प्रत्येकाला. अशा घरातून एक माणूस उठून गेला. उरलेल्या तिघांचा १९९८चा अल्बम 'अप'. त्यांनी सगळ्या गाण्यांचे शब्द पहिल्यांदा छापले ते याच अल्बमबरोबर. मी ते पान हातात घेऊन ऐकायला बसलो. शब्द सगळे होते, पण आतला ठेका हलला होता. नंतरच्या अल्बमांत चांगली गाणी आहेत, पण मी त्यांच्याकडे फारसा परत जात नाही.

२१ सप्टेंबर २०११ रोजी त्यांनी शांतपणे थांबल्याचं जाहीर केलं. निरोपाचा दौरा काढला नाही. पुन्हा एकत्र येण्यासाठी पुढे किती आग्रह झाले, ते बधले नाहीत. १३ जून २०२४ला न्यूयॉर्कमध्ये गीतकारांच्या सन्मान सोहळ्यात मात्र चौघे उभे राहिले, बेरीसकट. एकच गाणं वाजवलं. मेंडोलिनवालं.