माळवदाच्या घराची गोष्ट

गटात घरदुरुस्तीसाठी कर्जाचा अर्ज आला की आम्ही आधी विचारतो, घर कशाचं आहे? आपल्या बेंबळीच्या भागात जुनं घर म्हणजे माळवदाचं. म्हणून आज त्याचाच इतिहास बघू.

शेतकऱ्याच्या घरात शिरताना ढेलज, मग अंगण आणि गोठा, पुढं ओसरी, आत माजघर. घर मोजायचं खणांवर. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. लाकडी खांबांवर तुळया, त्यांवर लाकडं अन् काड्या, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भोवती दगडमातीच्या रुंद भिंती, म्हणून उन्हाळ्यात आत गारवा. वरच्या सवण्यातून उजेड यायचा, चुलीचा धूर जायचा. इंग्लंडमधल्या जुन्या शेतघरांतही धुराडी येण्याआधी धूर छपरातूनच बाहेर पडायचा. धान्य बळदात नाहीतर पेवात.

माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर माती टाकायची. ती वाहण्यात बायांचे किती कष्ट गेले! पण जुनी न काढता नवी टाकत गेल्यानं ओझं वाढत गेलं.

30 सप्टेंबर 1993. गणपती बोळवून माणसं झोपलेली. पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत आठ हजारांच्या घरात माणसं गेली. भिंतीला आतून एक दगडी थर, बाहेरून एक, मध्ये माती-गोटे. दोन्ही थरांना बांधणारा लांब दगडच नव्हता. भिंती फुटल्या, माळवदाची माती अंगावर आली. कितीतरी घरांत लाकडी सांगाडा मात्र उभा राहिला.

पुढं पुनर्वसनात गावोगावच्या बाया संवाद सहायक झाल्या. घर मजबूत कसं करायचं, हे त्या शिकल्या आणि शेजारणींना सांगू लागल्या. भिंतीत आरपार जोडदगड बसवा, खांब-तुळईच्या सांध्याला तिरपे टेके द्या, माळवदाची जास्तीची माती उतरवा.

ते आजही लागू आहे. भिंतीला पोट आलंय का, खांबाला वाळवी लागलीय का, हे पाऊस लागण्याआधी बघा. पोट आलं असेल तर त्या भिंतीलगत लेकरं झोपवू नका, आणि जाणकार गवंडी बोलवा. घर जुनं आहे म्हणून पाडायलाच पाहिजे असं नाही. पण जुनं आहे म्हणून त्यावर डोळे मिटून भरवसाही ठेवायचा नाही.