पासल्था

इतिहासाच्या पुस्तकांत डोंगरी जमातींची ओळख आपणांस बहुधा त्यांच्या शत्रूंनीं करून दिलेली असते. मिझो लोकांचें असेंच झालें. इंग्रज अधिकाऱ्यांच्या दप्तरांत ते ‘लुशाई’ म्हणून येतात, आणि येतात तेहि चहाच्या मळ्यांवर घाला घालणारे म्हणूनच. १८७१ च्या जानेवारींत कचारमधील अलेक्झांड्रापूरच्या मळ्यावर असा घाला पडला; जेम्स विंचेस्टर मारला गेला व त्याची सहा वर्षांची मुलगी मेरी हिला डोंगरांत नेण्यांत आलें. पुढें पलटणी चालून गेल्या व १८७२ मध्यें ती परत मिळाली. मळे वाढत वाढत मिझोंच्या शिकारीच्या रानांत शिरले होते, आणि ‘झोलुती’ असें नांव ठेवून त्या लोकांनीं मुलीस मायेनें सांभाळलें होतें, हें मात्र वाचकांच्या सहसा ध्यानांत राहत नाहीं.

अशा मोहिमांत जे पुढें असत त्यांना मिझो भाषेंत ‘पासल्था’ म्हणतात. ‘योद्ध्यांचा वर्ग’ असें त्याचें भाषांतर करण्याची रीत आहे. मला तें खटकतें. वर्ग म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लागलीच क्षत्रिय वर्ण किंवा एखादें वतनदार घराणें उभें राहतें. ‘पासल’ म्हणजे पुरुष व ‘था’ म्हणजे चांगला. शब्दांत इतकेंच आहे. जन्मानें मिळे ती सरदारकी. सरदारास ‘लाल’ म्हणत, आणि एकोणिसाव्या शतकांत बहुतेक लाल सायलो कुळांतले होते. पासल्थाचा मुलगा पासल्था होईलच असा नेम नसे. त्याला पगार नव्हता. इतरांप्रमाणेंच तो डोंगरउतारावरील रान तोडून, जाळून भात पिकवी.

त्याची घडण होई ती ‘झॉल्बुक’मध्यें. गांवांत अविवाहित तरुणांसाठीं हें एक मोठें घर असे. वयांत आलेले मुलगे रात्रीं तेथेंच निजत. लहान मुलांनीं त्या घरासाठीं जळण आणावयाचें व थोरांची आज्ञा पाळावयाची. तेथें कुस्त्या चालत, शिकारीच्या गोष्टी रंगत, आणि ‘त्लॉमङाइना’ अंगीं मुरे. या शब्दास मराठींत जोड मला सांपडलेली नाहीं. परोपकार म्हणावें तर त्यांत दात्याचा ताठा डोकावतो. येथें ताठ्याला मुळीं थाराच नाहीं. रानांत चुकलेल्या माणसाच्या शोधास रात्रीं निघावें, परगांवीं आजारी पडलेल्यास किंवा मेलेल्यास खांद्यावर घेऊन चढण चढावी, आणि हें कोणीं सांगण्याची वाट न पाहतां करून वर त्याविषयीं अवाक्षर काढूं नये!

शौर्याला मान होताच. हत्ती, अस्वल, रानगवा, रानडुक्कर, सांबर अशी ठरलेली जनावरें मारणाऱ्यास ‘थांगछुआह’ ही पदवी मिळे. मेल्यावर वाटेंत पॉला हा पहिला मृत पुरुष गलोलीच्या धनुष्यानें इतरांस टिपतो, पण थांगछुआहला सोडतो, व तो पिआलराल या सुखाच्या लोकीं जातो, अशी समजूत होती. गंमत अशी, कीं गांवास ठराविक मेजवान्या देऊनहि ही पदवी मिळवितां येई!

या चित्रास सोंवळें करण्याची माझी इच्छा नाहीं. गांवें गांवांशीं लढत. शत्रूंचीं डोकीं घरीं आणलीं जात, माणसें बंदी होत. चांगल्या पुरुषाचें चांगुलपण गांवच्या वेशीशीं थांबे, आणि तें आपणांस आज डांचतें. परंतु हा दोष एकट्या मिझोंचा म्हणण्याची हिंमत कोणत्या राष्ट्रास होईल?

लालसवुंगाचा पासल्था वानापा याचें नांव आज ऐझॉलच्या एका सभागृहास आहे. खुआंगचेरा १८९० मध्यें इंग्रजांशीं लढतांना पडला. १८८९-९० च्या मोहिमेनंतर डोंगरांत ठाणीं बसलीं होतीं. पश्चिमेकडील सरदार उठले आणि तेंहि बंड मोडलें. पुढें १८९४ मध्यें लोरेन व सॅव्हिज हे पाद्री आले. त्यांनीं भाषेस रोमन लिपि दिली, शाळा काढल्या. मुलें शाळेंत गेलीं, झॉल्बुक ओस पडूं लागलें, आणि १९३८ मध्यें तें अधिकृतपणें बंद झालें.

तत्पूर्वीं, १९३५ मध्यें, तरुणांची एक संघटना निघाली होती; ‘यंग लुशाई असोसिएशन’ हें तिचें पहिलें नांव, पुढें लुशाईऐवजीं मिझो झालें. बंदुका व घाले इतिहासजमा झाले. परंतु मिझो गांवांत कोणाच्या घरीं मृत्यु झाला, कीं या संघटनेचे तरुण आजहि रात्रभर त्या घरीं बसतात, आणि कबर खणावयास तेच जातात.