नांदेड-लातूर परिसरातील वने व माळराने : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
नांदेड व लातूर हे मराठवाड्यातील शेजारी जिल्हे होत. उत्तरेस पैनगंगेच्या खोऱ्यात किनवट-माहूरचे सागवानी जंगल, तर दक्षिणेस बालाघाटच्या पठारावर बोर, तरवड व कुसळी गवताचे माळ, असे या परिसराचे स्वरूप आहे. या दोहोंच्या संवर्धनाचा विचार आजवर स्वतंत्रपणे होत आला. त्याची कारणे निसर्गापेक्षा प्रशासनाच्या इतिहासात अधिक आढळतात.

राखीव वन आणि आदिवासी :
निजाम राजवटीत किनवट हा आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. त्या जिल्ह्यात राखीव वनांचा विस्तार होताना गोंड व कोलामांच्या कसत्या जमिनी वनहद्दीत गेल्या. १९४० मधील कोमरम भीम यांचा उठाव याच असंतोषातून घडला. त्यानंतर हैदराबाद सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्याकडून गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करविला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट नांदेडला जोडले गेले. परिणामी एकाच वनप्रदेशात राज्याची सीमा आली.

गायरान आणि भूमिहीन :
१९८२ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. तेथील वनाच्छादन एक टक्क्याहूनही कमी आहे. मात्र वृक्ष नसणे म्हणजे निसर्ग नसणे नव्हे. काळवीट, लांडगा व खोकड यांना उघडा माळच मानवतो. महसूल दप्तराने मात्र या माळांची नोंद ‘गायरान’ वा ‘पडीक’ अशी केली. याच जमिनींसाठी दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यातील भूमिहीन दलितांनी १९५० च्या दशकात सत्याग्रह केले. १९९१ मध्ये राज्य शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. म्हणजेच माळ हा केवळ पर्यावरणाचा नव्हे, तर सामाजिक न्यायाचाही प्रश्न आहे.

भूदृश्य-नियोजनाची दिशा :
२०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ तेलंगणा व महाराष्ट्रातील अनेक जिल्हे ओलांडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वन्यजीव जिल्ह्याच्या हद्दी मानत नाहीत, हे यावरून स्पष्ट होते. म्हणून नियोजनाचा घटक जिल्हा नसून नदीखोरे असावा. वनखात्याचे नकाशे व तलाठ्याचे दप्तर एकत्र वाचले जावे. सरसकट वृक्षलागवडीतून माळ वगळावेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने किनवटच्या आदिवासींना दाव्याचा मार्ग दिला; महसुली गायरानास तो कायदा लागू नाही. ही विषमता दूर न करता माळांना संरक्षण दिले, तर संवर्धनाचा भार पुन्हा भूमिहीनांवरच पडेल.

समारोप :
सारांश, आदिलाबादच्या १९४० च्या अनुभवाचा बोध असा, की कसणाऱ्यास वगळून आखलेली हद्द संघर्षास जन्म देते. नांदेड-लातूरच्या माळांवर नवी हद्द आखण्यापूर्वी ग्रामसभेत हक्कांचा निर्णय होणे, हीच संवर्धनाची पहिली पायरी ठरते.