कर्जाचं नवं-जुनं

मागच्या दिवाळीत पुण्याहून पुतण्या आला होता. एका बँकेच्या क्रेडिट कार्डावर थकलेली रक्कम त्यानं दुसऱ्या बँकेच्या कार्डावर वळती केली होती. नवी बँक सुरुवातीचे काही महिने व्याज जवळजवळ घेत नाही म्हणे. ती मुदत संपली की तिसरं कार्ड बघायचं. याला बॅलन्स ट्रान्स्फर म्हणतात, असं त्यानं मला समजावून सांगितलं. मी म्हटलं, अरे, याला आपल्याकडे नवं-जुनं म्हणतात, आणि तुझ्या खापरपणज्याच्या आधीपासून ते चालू आहे.

तो हसला. पण मंडळी, मी पडलो इतिहासाचा मास्तर. विषय डोक्यातून जाईना.

कार्डाची ही युक्ती तशी अलीकडची. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत व्हर्जिनियातल्या सिग्नेट बँकेनं ती मोठ्या प्रमाणावर वापरली. तिचाच कार्ड विभाग पुढे वेगळा होऊन कॅपिटल वन झाला. दुसऱ्याचा कर्जदार थोड्या दिवसांच्या स्वस्त व्याजावर आपल्याकडे ओढायचा, एवढाच त्यातला हिशेब.

आपल्याकडचं नवं-जुनं निघालं ते मात्र एका कायद्यातून. १८५९च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या कर्जरोख्यावर दावा लावायला तीन वर्षांची मर्यादा घातली. सावकारानं आजोबाच्या नावचं बाड नातवापुढे आणू नये, हा हेतू. सावकार हुशार. तिसरं वर्ष संपत आलं की तो कुणब्याला बोलवायचा, जुना रोखा रद्द करायचा आणि मुद्दल अधिक व्याज अशी बेरीज मांडून नव्या रोख्यावर अंगठा घ्यायचा. आता ती सगळी बेरीज म्हणजे मुद्दल! आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक होता, मुद्दलाएवढ्या व्याजाच्या वर एका वेळी वसुली नाही. पण दर तीन वर्षांनी मुद्दलच नवं होत असेल तर दुप्पट मोजायची कशाची? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगा झाला तेव्हा लोकांचा राग मुख्यतः या वह्यांवर आणि रोख्यांवर निघाला. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता.

आमचं वऱ्हाड त्यात नव्हतं. १८५३च्या तहानं ते निजामाच्या नावावर आणि इंग्रजांच्या कारभारात गेलेलं. तिकडे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली होती, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव पडला. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा झाला आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो स्वतः उद्घाटनाला आले. आमच्या वडनेरहून खामगावची बाजारपेठ बैलगाडीच्या वाटेवरची. कापूस उभा असतानाच त्याच्यावर उचल घ्यायची, आणि जमीन आता नावावर, म्हणजे गहाणही टाकता येते. इंग्रजांनी दिलेल्या मालकीहक्काचं वर्गात मी नेहमी कौतुक केलं, पण त्याच हक्कामुळे जमीन सावकाराकडे जाण्याची वाटही मोकळी झाली, हे मुलांना सांगायला मी विसरत नसे.

पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख १९३० नंतर मध्यप्रांत-वऱ्हाडात मंत्री होते. कर्ज लवादाचा कायदा १९३३चा, त्याच काळातला. सहकारी पतपेढ्या १९०४ पासूनच निघू लागल्या होत्या, पण १९५१-५२च्या ग्रामीण पतपाहणीत खेड्यातल्या कर्जात त्यांचा वाटा निघाला जेमतेम ३ टक्के. म्हणजे पन्नास वर्षं सभा, भाषणं, हारतुरे, आणि शेतकरी सावकाराच्याच ओट्यावर.

असो. आता आमच्या काळाकडे येतो.

१९९८ साली किसान क्रेडिट कार्ड आलं. २००६-०७ पासून पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळू लागलं आणि २०११-१२ पासून वेळेवर भरणाऱ्याला आणखी ३ टक्के सूट, म्हणजे पडायला ४च. उरलेलं व्याज राज्य सरकार उचलतं, आणि त्या योजनेला नाव पंजाबरावांचंच आहे. २०२१ पासून ३ लाखांपर्यंत व्याज शून्य. ऐकायला किती छान! अट एकच, मुदतीच्या आत सगळं कर्ज भरून दाखवायचं.

इथेच सगळं अडतं. कापूस, तूर, सोयाबीन विकून जे आलं ते दवाखाना, लग्न आणि कृषी केंद्राची उधारी यात गेलेलं असतं. मार्चअखेर तोंडावर येते. मग शेतकरी गावातल्या कुणाकडून तरी आठ-दहा दिवसांसाठी रक्कम आणतो, बँकेत भरतो, नवं कर्ज मंजूर करून घेतो आणि ती रक्कम काढून देणाऱ्याच्या हातावर ठेवतो. झालं नवं-जुनं. लाखाचा हिशेब बघा. ७ टक्क्यांचे ७,००० रुपये वाचले. आणलेल्या रकमेला शेकडा ३ रुपये महिना, आणि दिवस आठ झाले तरी महिना पूर्ण धरायचा, हा रिवाज. म्हणजे ३,००० गेले. तरी ४,००० हातात राहतात, म्हणून तो हे करतो, आणि माझ्या मते शहाणपणानंच करतो. फक्त बियाणं घ्यायला जूनमध्ये त्याच्याकडे काही नसतं. पीककर्ज कागदावर मिळालेलं असतं आणि पेरणी पुन्हा उधारीवर.

ज्या सावकाराला घालवायला १९०४ पासून धडपड झाली, २०१४ साली राज्यात नवा सावकारी कायदाही झाला, त्याच्याच आठ दिवसांच्या पैशावर शून्य टक्क्याची योजना तोलून धरली जाते. हे मला कुठल्याही सरकारी अहवालापेक्षा दर मार्चमध्ये जास्त स्पष्ट दिसतं, कारण पेन्शनवाल्या मास्तरकडेही लोक येतात. "सर, फक्त आठ दिवस." मी देतो, व्याज घेत नाही. सगळ्यांना पुरेल एवढं माझ्याकडे नाही, त्यामुळे दोघांना हो म्हणायचं आणि पाचांना नाही, हे काम मला करावं लागतं आणि ते फार जड जातं.

पुतण्याला कार्ड बदलायला एक फोन पुरतो. इथे बँक बदलायची तर सातबाऱ्यावरचा बोजा आणि आधीच्या बँकेचा नो ड्यूज दाखला आड येतो. २०१२ साली रिझर्व्ह बँकेनं नागपूर, वर्ध्याबरोबर आमच्या बुलडाणा जिल्हा बँकेलाही परवाना नाकारला, तेव्हा अनेकांना हे हेलपाटे घालावे लागले.

आणि कर्जमाफी? २००८च्या माफीला ३१ डिसेंबर २००७ रोजी कर्ज थकलेलं असायला हवं होतं. ज्यानं उसनवारी करून नवं-जुनं केलं होतं, तो यादीत नाही. गावात त्याची थट्टा झाली. २०१९च्या कर्जमाफीत सरकारनं नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन कबूल केलं, पैसे २०२२च्या ऑक्टोबरात यायला लागले. आमच्या गल्लीत ज्याला ते मिळाले, त्यानं आधी कृषी केंद्राची उधारी मिटवली. मार्च यायला तेव्हा पाच महिने होते.