मात्रा आणि नाडी

मराठीत ‘मात्रा’ हा शब्द दोन घरी नांदतो. कवितेत मात्रा मोजतात, आणि औषधाचीही मात्रा असते. कवितेत एखादी मात्रा वाढली तर ओळ लंगडते, एवढेच. थायरॉइडच्या गोळीची मात्रा चुकली तर हृदयाचा ठेका चुकतो. ही मात्रा माणसाला कशी कळत गेली, त्याची ही हकीकत.

आमचे उमरगा सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या संस्थानात होता. या भागात वैद्य नाडी पाहत, हकीम नब्ज पाहत. हकिमांचा आधार म्हणजे इब्न सिनाचा ‘अल-कानून’. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात नाडीच्या ठोक्यांचे संगीताशी असलेले नाते सांगितले आहे. गळ्यातली ग्रंथी आणि छातीतले हृदय यांचे नाते मात्र ध्यानात यायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८३५ मध्ये डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी गळा सुजलेल्या आणि छाती जोरजोराने धडधडणाऱ्या तीन स्त्रियांचे वर्णन केले. ग्रंथी जास्त काम करू लागली की नाडी धावते. याउलट ग्रंथी थंडावली की अंग सुजते, सुस्ती येते, नाडी मंदावते.

या थंडावलेल्या ग्रंथीवरचा उपाय १८९१ मध्ये सापडला. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क ४६ वर्षांच्या एका बाईंना टोचला. त्या बऱ्या झाल्या आणि पुढे २८ वर्षे जगल्या. तेवढ्या काळात त्यांच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. पण हृदय दुबळे असलेल्या रुग्णाला एकदम मोठी मात्रा दिली तर छातीत कळ येते, जीवही जाऊ शकतो, हे डॉक्टरांना लवकरच उमगले. अर्काचा जोरही दर खेपेला सारखा नसे. मग मात्रा ठरवायची कशी? नाडी मोजून, वजन करून आणि रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहून.

१९१४ च्या नाताळात अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी या ग्रंथीतले शुद्ध थायरॉक्सिन वेगळे केले. पुढे सुमारे ३ टन डुकरांच्या ग्रंथींतून त्यांच्या हाती जेमतेम ३३ ग्रॅम आले. आजची १०० मायक्रोग्रॅमची गोळी घेतली, तर तेवढ्यात ३ लाख ३० हजार गोळ्या होतील! इतक्या सूक्ष्म मापाचे हे औषध आहे. १९२७ मध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले.

गोळी नेमकी झाली, मात्रा मात्र नेमकी व्हायची होती. कितीतरी वर्षे रुग्णांना रोज २०० ते ४०० मायक्रोग्रॅम दिले जात. रक्तातले टीएसएच मोजता येऊ लागल्यावर, १९७० च्या दशकात कळले की बहुतेकांना याच्या निम्म्यातही भागते. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साठीच्या पुढच्या २००७ लोकांवर दहा वर्षे नजर ठेवली होती. ज्यांचे टीएसएच फारच खाली, म्हणजे ज्यांच्या अंगात हे संप्रेरक जास्त, त्यांच्यात हृदयाचा ताल बिघडून ते फडफडू लागण्याचा धोका इतरांच्या तिप्पट निघाला.

याचे कारण असे, की हृदयाचा ठोका जिथून सुटतो तिथपर्यंत या संप्रेरकाचा अंमल चालतो. ते जास्त झाले की हृदय ॲड्रेनलिनला अधिक हळवे होते. मग झोपेतही नाडी धावते, हात थरथरतात, घाम सुटतो, वजन उतरते. मात्रा कमी पडली की नाडी मंद होते. शिवाय ही गोळी सावकाश चालणारी. अंगातला तिचा निम्मा साठा संपायला सुमारे आठवडा लागतो. म्हणून आज मात्रा वाढवली तर उद्या काहीच जाणवत नाही, आणि माणूस म्हणतो, ‘बघा, काही झालं नाही.’ खरा परिणाम काही आठवड्यांनी दिसतो. डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासायला सांगतात ते याचसाठी. वयस्कांना आणि हृदयविकार असलेल्यांना सुरुवात थोडक्यावर करतात, तीही याचसाठी.

महाराष्ट्रात १९६३ मध्ये मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. थायरॉइडच्या तपासणी-उपचारासाठी त्याचे नाव दूरवर गेले. आज टीएसएचसाठी रक्त तालुक्याच्या गावीही देता येते. तपासणी जवळ आली, तरी शेजारणीची मात्रा पाहून आपली बदलणे, बरे वाटले म्हणून गोळी सोडणे, वजन उतरावे म्हणून दोन घेणे चालूच आहे. काहींची गोळी तीच असते, पण लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतल्याने ती अंगी कमी लागते. या दोन्हींत चार तासांचे अंतर हवे.

मात्रा बदलली असेल तर सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि वहीत लिहा. नाडी तापाने, रक्त कमी असल्यानेही धावते, म्हणून निवाडा स्वतः करू नका. वही डॉक्टरांना दाखवा. छातीत कळ आली, चक्कर आली किंवा ठोके वेडेवाकडे पडू लागले, तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा.