पोकळ झाड आणि आपले घर

मंडळी, १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने दादर-माटुंग्याला रुंद रस्ते आखले. त्या भागात पुढे विलायती शिरीष, म्हणजे रेन ट्री, वाढले. झाड मूळचे अमेरिकेतले. पसारा घरभर, मुळे मात्र उथळ. नंतर बुंध्यापर्यंत काँक्रीट आले नि मुळे गुदमरली.

खोड पोकळ दिसले की लोक म्हणतात, "तोडा!" अहो, थांबा. जुन्या खोडाचा गाभा मेलेलाच असतो. जीव सालीलगतच्या थरात. बुंध्याशी अळंबी उगवली, माती उचलली गेली, तर मात्र धोका खरा. एरवी घरावरच्या जड फांद्या पावसाळ्याआधी हलक्या कराव्यात. शेंडा उडवणे म्हणजे कुजीला आमंत्रणच! आणि १९७५ च्या कायद्याने शहरात त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.