कण्याचे कागद

सातारा भागातले एक निवृत्त हवालदार पहिल्यांदा भेटायला आले, तेव्हा खुर्ची पुढे करूनही बसले नाहीत. टेबलाचा कोपरा धरून पाऊण तास उभेच राहिले. आयुष्य तोफखान्यात गेलेलं. १५५ मिलिमीटर तोफेचा एक गोळा सुमारे ४३ किलोंचा. तो वाकून उचलायचा आणि तसंच वळायचं. पुढे कमरेतली चमक पोटरीपर्यंत उतरू लागली, पायाचा अंगठा बधिर झाला. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने लिहिलं : अपंगत्व २० टक्के, सेवेशी संबंध नाही. त्या एका ओळीने अपंगत्वाची पेन्शन गेली.

अशा ओळीविरुद्ध दाद कशी मागायची, हा या पुस्तकाचा विषय. वकील, डॉक्टर, माजी सैनिकांचे कार्यकर्ते, जवानांच्या घरातली शिकलेली मुलंमुली, ज्यांना या कामात उतरायचं आहे त्या सगळ्यांचं मनापासून स्वागत. कायद्याची पदवी नसली तरी चालेल, पण कागद सावकाश वाचायची तयारी हवी.

नवखा माणूस आधी दुखण्याच्या मागे लागतो, नवा एमआरआय काढायला सांगतो. पण दुखणं बोर्डानेही नाकारलेलं नसतं. उताणं झोपवून पाय सरळ उचलला की कितव्या अंशाला कळ निघते, घोट्याचा झटका येतो की नाही, हे त्यांच्याच डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं असतं. भांडण कारणाचं असतं. मणके वयानेही झिजतात, हे खरंच आहे. म्हणून तर घाटरस्त्यांवर वर्षानुवर्षं ट्रक हाकलेल्या, उंचावरच्या चौकीपर्यंत पाठीवरून सामान वाहिलेल्या माणसाच्या फाइलवर ‘वयोमानानुसार’ लिहून मोकळं होणं इतकं सोपं जातं.

इथे १९८२चे पात्रता नियम जवानाच्या बाजूने उभे राहतात. भरतीच्या तपासणीत आजाराची नोंद नसेल, तर तो धडधाकट होता असं धरायचं. पुराव्याचं ओझं त्याच्यावर टाकायचं नाही, वाजवी शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. आजार फेफऱ्याचा होता, पण संबंध नाही म्हणायचं तर बोर्डाने कारण लिहिलं पाहिजे, हा त्यातला मुद्दा मणक्यालाही तितकाच लागू पडतो.

टक्क्यांचं गणित माझ्या मते सर्वांत कमी समजून घेतलं जातं. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम, त्याखाली त्या प्रमाणात. वेतन ४०,००० असेल तर २० टक्क्यांना महिना २,४०० रुपये. पण ५०च्या खालचा आकडा ५० धरण्याची तरतूद आहे आणि मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही ती लागू असल्याचं २०१४च्या राम अवतार निकालाने स्पष्ट केलं. मग तेच ६,००० होतात. महागाई भत्ता वेगळा.

अपिलांनी भागलं नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. त्याचं एक खंडपीठ मुंबईत बसतं. उशीर झाला म्हणून हात टेकू नका. २००८च्या तरसेम सिंग निकालानुसार उशिरा आलेल्यालाही पेन्शन मिळू शकते, थकबाकी मात्र साधारण मागच्या तीन वर्षांचीच. सप्टेंबर २०२३पासून नवे, अधिक कडक नियम आले आहेत. म्हणून जवान निवृत्त कधी झाला, ती तारीख सगळ्यांत आधी विचारा.

हवालदारांच्या फाइलमध्ये अखेर एक पिवळा पडलेला कागद सापडला. भरतीचा. त्यावर मणक्याच्या रकान्यात एकच शब्द होता : ‘नॉर्मल’. पहिलं प्रकरण त्या कागदापासून सुरू होतं.